दोन लॅब, दोन आकडे: साखर, कोलेस्टेरॉल आणि ‘दहा वर्षांचा धोका’ कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांचे वय ४८, वास्तव्य गुहागर तालुक्यात, हार्डवेअरचे दुकान. सकाळी फिरायला जातात, उरलेला दिवस गल्ल्यावर बसून जातो. वजन ६८ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, कंबर ९४ सेंटिमीटर; विडी-सिगारेट नाही. वडिलांना ५४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि आईला मधुमेह आहे. मे महिन्यात गावातील शिबिरात रक्त दिले तेव्हा उपाशीपोटीची साखर ९२, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी) ६.२, एकूण कोलेस्टेरॉल २१२, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) २४०, एचडीएल (‘चांगले’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ३८, एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते) १२६, पोटॅशियम ५.६ आणि रक्तदाब १४६/९२ निघाला. पंधरा दिवसांनी चिपळूणच्या एका लॅबमध्ये जाऊन पुन्हा तपासले, तर साखर १०९, एचबीएवनसी ५.९, कोलेस्टेरॉल १९६, ट्रायग्लिसराइड १६८, एचडीएल ४०, एलडीएल १२२ आणि पोटॅशियम ४.४. त्याच दिवशी त्यांच्या ४४ वर्षांच्या पत्नीचीही तपासणी झाली: साखर ९४, एचबीएवनसी ६.६, हिमोग्लोबिन ८.९. मुंबईच्या भावाने हे आकडे एका परदेशी कॅल्क्युलेटरमध्ये भरून ‘दहा वर्षांत धोका ५ टक्के’ असे कळवले. कोणती लॅब खरी, हे ५ टक्के म्हणजे नेमके काय, पत्नीला मधुमेह झाला असे समजायचे का आणि कर्करोगाच्या तपासण्यांसह येणारे मोठे पॅकेज घ्यावे का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची सगळी उत्तरे त्यावर उभी आहेत. रिपोर्टवर छापलेला आकडा यंत्रातून बाहेर येतो, पण त्याचे भवितव्य बहुतेक वेळा यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच ठरलेले असते. तुमच्या दोन रिपोर्टांतील सर्वांत महत्त्वाचा फरक साखरेचा आहे आणि तो मला पोटातील साखरेपेक्षा ट्यूबमधील साखरेचा वाटतो. रक्त शरीराबाहेर काढले तरी त्यातील पेशी जिवंत असतात आणि त्या ट्यूबमधील ग्लुकोज वापरत राहतात. रक्तद्रव पेशींपासून वेगळा केला नाही, तर साध्या तापमानाला ही घट साधारणपणे तासाला ५ ते ७ टक्के होते आणि उन्हाळ्यात ती अधिक वेगाने होते. १०९चा आकडा अडीच-तीन तासांत ९२वर यायला एवढा वेग पुरेसा आहे. सकाळी सात वाजता गावात घेतलेले रक्त, शिबिर संपेपर्यंत टेबलावर राहिलेले, मग मोटरसायकलवरून घाट किंवा फेरीबोट ओलांडून दुपारी लॅबमध्ये पोहोचलेले, असे आपल्या किनारपट्टीवर अनेकदा घडते. यात कुणाची लबाडी नसते. अंतर, ऊन आणि मनुष्यबळ यांचा तो हिशोब असतो.

साखरेसाठी करड्या टोपणाची, सोडियम फ्लोराइड असलेली ट्यूब वापरली की प्रश्न मिटतो, अशी समजूत आमच्या व्यवसायातही रूढ आहे. ती पूर्ण खरी नाही. फ्लोराइड ज्या एन्झाइमला अडवते ते ग्लुकोज वापरण्याच्या साखळीत बरेच खाली बसलेले आहे, त्यामुळे वरचे टप्पे पहिले तास-दोन तास चालूच राहतात आणि तेवढी साखर कमी होतेच; फायदा होतो तो त्यानंतर. सायट्रेट असलेली ट्यूब ही घट लगेच थांबवते, पण ती सर्वत्र मिळत नाही. म्हणून रक्त घेतल्यावर ट्यूब लगेच बर्फात ठेवणे आणि अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) रक्तद्रव वेगळा करणे हाच खरा उपाय. गंमत अशी की तीच ट्यूब पेशींसकट तासन्‌तास थंड ठेवली, तर साखर बऱ्यापैकी टिकते पण पोटॅशियम पेशींतून बाहेर झिरपते आणि खोटे वाढते. शिवाय रक्त घेताना किंवा प्रवासाच्या हिसक्यांनी पेशी फुटल्या तरी तेच होते. शिबिरातील तुमचे ५.६ पोटॅशियम पंधरा दिवसांत औषधाविना ४.४ झाले आहे. साखर खाली आणि पोटॅशियम वर अशी जोडी एकाच रिपोर्टात दिसली, की मी रुग्णाआधी नमुन्याचा इतिहास विचारतो. तुमच्या बाबतीत चिपळूणचा १०९ हा आकडा मी ग्राह्य धरेन आणि शिबिरातील ९२ बाजूला ठेवेन. ही चूक दिलासा देणारी आहे, म्हणूनच ती अधिक घातक आहे. वाढलेला आकडा पाहून माणूस पुन्हा तपासतो, खोटा ‘नॉर्मल’ पाहून तो वर्षभर निश्चिंत राहतो.

बाकीच्या आकड्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे दोन्ही लॅब बरोबर असणे सहज शक्य आहे. निरोगी माणसाचे रक्त रोज एकाच वेळी, एकाच यंत्रावर तपासले तरी आकडे एका जागी स्थिर राहत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉल एकाच व्यक्तीत सुमारे ५ ते ६ टक्क्यांनी वर-खाली होत असते, ट्रायग्लिसराइड सुमारे २० टक्क्यांनी, आणि शरीरातील दाह दाखवणारी सीआरपीसारखी चाचणी त्याहून कितीतरी अधिक. त्यात यंत्राचा स्वतःचा दोन-तीन टक्क्यांचा फरक मिळवायचा. प्रयोगशाळाशास्त्रात यावर एक साधे गणित आहे: शरीरातील चढउतार आणि यंत्राचा फरक यांच्या वर्गांची बेरीज करावी, तिचे वर्गमूळ काढून त्याला २.७७ने गुणावे, दोन रिपोर्टांतील फरक त्यापेक्षा मोठा असेल तरच शरीरात खरोखर काही बदलले असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. कोलेस्टेरॉलसाठी हे उत्तर सुमारे १७ टक्के येते. तुमचे २१२वरून १९६ झाले, म्हणजे ८ टक्क्यांपेक्षाही कमी. ट्रायग्लिसराइडसाठी उत्तर ५० टक्क्यांच्या पुढे जाते, त्यामुळे २४०वरून १६८ ही ३० टक्क्यांची घट नजरेत भरली तरी तिच्यावर काही सिद्ध होत नाही. एचबीएवनसी ही यांतली स्थिर चाचणी; तरीही ६.२ आणि ५.९ यांतील अंतर तिच्या नेहमीच्या चढउतारात बसते, आणि इथे तर लॅबही दोन आहेत. दोन्ही आकडे ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व पट्ट्यातच आहेत, एवढे मात्र दोन्ही रिपोर्ट एकमुखाने सांगत आहेत.

एलडीएलबद्दल एक बारीक गोष्ट. बहुतेक ठिकाणी तो मोजत नाहीत, १९७२ साली फ्रिडवाल्ड यांनी दिलेल्या सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. तुमचे दोन्ही एलडीएल याच सूत्राने आलेले आहेत, करून पाहा. ट्रायग्लिसराइड ४००च्या पुढे गेले की हे सूत्र वापरू नये, आणि त्याच्या अलीकडेही ट्रायग्लिसराइड जसजसे वाढते तसतसा एलडीएल आहे त्याहून कमी दिसू लागतो. म्हणून आपल्याकडच्या लोकांत, ज्यांचे ट्रायग्लिसराइड बहुधा चढे असते, मी एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करून येणारा आकडा अधिक मानतो. त्याला उपास लागत नाही. तो तुमचा १७४ आणि १५६ असा येतो.

तपासणी केव्हा करावी हेही इथेच सांगतो. ताप येऊन गेल्यावर लगेच कोलेस्टेरॉल तपासू नये. लेप्टो, डेंगी किंवा साधा न्यूमोनिया झाला तरी एचडीएल व एलडीएल खाली जातात, ट्रायग्लिसराइड आणि साखर वर जाते आणि पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. गणपतीत मोदक आणि त्यानंतर मटण-मासळीचा आठवडा झाल्यावर चाकरमानी मंडळी परत निघण्यापूर्वी घाईने तपासून घेतात; ते रिपोर्ट त्या आठवड्याचे असतात, माणसाचे नसतात. आणि ‘फक्त कोरा चहा घेतला’ म्हणजे उपास मोडलाच. पाणी चालते.

आता तुमच्या पत्नीविषयी, कारण या सगळ्या रिपोर्टांत मला सर्वाधिक लक्ष द्यावेसे वाटते ते तिथे. एचबीएवनसी ६.५ किंवा अधिक असेल तर मधुमेह, हा नियम खरा आहे. परंतु लक्षणे नसताना एका चाचणीवर निदान करत नाहीत, दोन आकडे जुळावे लागतात. त्यांची उपाशीपोटीची साखर ९४ आहे, म्हणजे पूर्ण प्राकृत. दोन चाचण्या परस्परविरोधी बोलू लागल्या की तिसरीकडे पाहायचे आणि ती तिसरी गोष्ट रिपोर्टातच आहे: हिमोग्लोबिन ८.९.

एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि जितके दिवस रक्तात फिरते तितकी साखर तिच्यावर चढत जाते. लोहाच्या कमतरतेत नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तातील पेशींचे सरासरी वय वाढते आणि साखर तीच असूनही एचबीएवनसी वर दिसते. याच्या उलट, रक्तस्राव झाला, पेशी लवकर फुटत असल्या, किंवा लोहाच्या गोळ्या सुरू होऊन तरुण पेशींची नवी फळी रक्तात आली, की तोच आकडा खाली घसरतो. म्हणजे आज त्यांना ‘मधुमेह’ म्हणून गोळी सुरू केली आणि सोबत लोहही दिले, तर तीन महिन्यांनी आकडा उतरेल आणि श्रेय भलत्याच गोळीला जाईल. असे रुग्ण माझ्याकडे येतात. हिमोग्लोबिनची रचनाच वेगळी असेल तरीही ही चाचणी फसू शकते. थॅलेसेमियाचे वाहक कोणत्याही समाजात आढळतात आणि सिकलसेल पालघरच्या आदिवासी पट्ट्यापासून नंदुरबार, गडचिरोलीपर्यंत आहे. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून मोजणारी) पद्धतीने चाचणी झाली असेल तर त्या आलेखात अनेकदा असे हिमोग्लोबिन दिसून येते, म्हणून रिपोर्टवर पद्धत लिहिलेली आहे का ते पाहावे.

त्यांच्यासाठी मधुमेहाचा निर्णय ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेल्या साखरेवर करावा. १४०च्या आत असेल तर प्राकृत, १४० ते १९९ मधुमेहपूर्व, २०० किंवा अधिक असेल तर मधुमेह. पण त्याहून तातडीचे काम म्हणजे रक्त कमी का आहे ते शोधणे: मासिक पाळीत जास्त जाते का, मूळव्याध आहे का, अनवाणी भातखाचरात किंवा बागेत काम होते का, म्हणजे हुकवर्म या आतड्यातील जंताची शक्यता, आणि बी-१२ची कमतरता सोबत आहे का. आकड्यांच्या या गर्दीत ठळक अक्षरांत छापलेला ६.६ सगळ्यांनी पाहिला आणि ८.९ ‘बायकांचे असतेच कमी’ म्हणून सोडून दिला. हे मला पटत नाही. उपचार आज करता येईल असा खरा आजार तोच आहे.

तारांकित, ठळक आकड्यांचा विषय निघालाच आहे तर ‘नॉर्मल रेंज’ कशी ठरते ते सांगतो. निरोगी समजल्या गेलेल्या लोकांचे आकडे घेतात, प्रचलित शिफारशीप्रमाणे किमान १२० जणांचे, आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के कापून मधले ९५ टक्के ठेवतात. म्हणजे व्याख्येनेच शंभरातील पाच निरोगी माणसे रेंजबाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचा किमान एक आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. शिवाय या रेंज बहुतेक लॅब स्वतः ठरवत नाहीत. किटसोबत आलेल्या कागदावरून घेतात, आणि तो कागद ज्या लोकांवर आधारलेला असतो ते बहुधा आपल्यासारखा भात-मासे खाणारे नसतात. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांच्या मर्यादा मात्र अशा ठरलेल्या नाहीत. तिथे अनेकांना वर्षानुवर्षे पाहून, कोणत्या पातळीपासून आजार वाढू लागतो त्यावरून रेघ ओढलेली आहे. दोन्ही आकडे कागदावर एकाच रकान्यात छापतात, म्हणून वाचणाऱ्याला हा भेद कळत नाही.

ही दुसरी पद्धत जिथे घडली ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले फ्रेमिंगहॅम गाव. १९४८ साली तिथे ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि दर दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा होत राहिली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध तिथून स्पष्ट झाला आणि पुढे त्या आकड्यांतून दहा वर्षांचा धोका काढणारी समीकरणे तयार झाली. तुमच्या भावाने वापरलेले कॅल्क्युलेटर याच घराण्यातले आहे. ‘५ टक्के’चा अर्थ इतकाच, की तुमच्यासारखे वय, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल असलेल्या, त्या अभ्यासातील शंभर जणांपैकी सुमारे पाच जणांना दहा वर्षांत झटका किंवा पक्षाघात आला. त्या पाचांत तुम्ही आहात की पंचाण्णवांत, हे कोणतेही समीकरण सांगू शकत नाही. धोका हा गटाचा गुणधर्म आहे आणि आपण तो एका माणसाला सदऱ्यासारखा चढवतो.

शिवाय सगळी कॅल्क्युलेटर एकच प्रश्न विचारत नाहीत. काही फक्त हृदयविकाराने होणारे मृत्यू मोजतात, काही झटका व पक्षाघात, काही त्यात छातीत दुखणे आणि हृदय कमकुवत होणेही धरतात. एकाच माणसाचे उत्तर तिप्पट-चौपट बदलते आणि प्रत्येकाच्या खाली ‘दहा वर्षांचा धोका’ हेच शब्द असतात.

समीकरण तपासताना आम्ही दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहतो. पहिली, ते अधिक धोक्याच्या माणसाला कमी धोक्याच्या माणसाच्या वर ठेवते का. दुसरी, ते ५ टक्के म्हणते तेव्हा खरोखर शंभरात पाच जणांनाच आजार होतो का. परदेशी समीकरण आपल्याकडे पहिल्या परीक्षेत बऱ्यापैकी उत्तीर्ण होते. दुसरीत ते भरवशाचे नसते, कारण मुळात आजाराचे प्रमाण आणि वय वेगळे आहे. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात असे दिसले की धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, आहार, व्यायाम आणि मद्य हे नऊच घटक जगभर झटक्यांच्या सुमारे नऊ-दशांश भाराचा उलगडा करतात. मात्र २००७ साली त्याच सामग्रीच्या विश्लेषणात, दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आल्याचे आढळले, तर इतर देशांत ५८.८व्या वर्षी. कारणे तीच, पण ती आपल्याकडे लवकर जमा होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगाचे २१ विभाग पाडून, प्रत्येक विभागातील आजाराच्या प्रमाणाशी जुळवलेले तक्ते दिले आहेत. भारतातील माणसासाठी वापरायचे तर ते वापरावेत. त्यांचा एक प्रकार रक्त न तपासता, वजन-उंचीवर चालतो, हे दुर्गम वाडीसाठी मोठेच सोयीचे आहे. तरीही त्यांत तुमच्या वडिलांचा ५४व्या वर्षीचा झटका कुठेच मोजला जात नाही. वडील किंवा भाऊ अशा जवळच्या पुरुष नातेवाइकाला ५५च्या आत झटका येणे हा स्वतंत्र घटक आहे आणि तो हिशोबात डॉक्टरांनी हाताने धरावा लागतो.

वजनाच्या बाबतीतही परदेशी फूटपट्टी आपल्याला फसवते. तुमचा बॉडी मास इंडेक्स २४.१ आहे, जुन्या २५च्या मर्यादेने तो प्राकृत, आशियाई लोकांसाठीच्या २३च्या मर्यादेने जास्त. हा भेद का करावा लागला हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एका छायाचित्राने दाखवले. शेजारी शेजारी उभे असलेले दोन डॉक्टर, एक स्वतः याज्ञिक आणि दुसरे इंग्लंडचे जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात ही ठेवण जन्मतःच दिसते असे आढळले: बाळ लहान, स्नायू कमी, चरबी मात्र टिकवून ठेवलेली. कोकणातही चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींना पुढील काळात सलग पाहण्याचा अभ्यास हाती घेतला आहे, कारण आईचे पोषण आणि पुढच्या पिढीचा मधुमेह यांचा धागा तिथून लागतो. आपल्या मातीतील माणसांचे आकडे आपल्या मातीत मोजले जाणे ही माझ्या मते कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा मोलाची गोष्ट आहे.

तुमच्या बाबतीत मोजपट्टी आणि तीन प्रश्न पुरे आहेत. चेन्नईच्या डॉ. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दिलेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकात ३५ ते ४९ वयाला २० गुण, पुरुषाच्या ९० ते ९९ सेंटिमीटर कंबरेला १०, व्यायाम किंवा कष्टाचे काम यांपैकी एकच असेल तर २०, आणि आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०. बेरीज ६०, आणि ६०पासून वर म्हणजे मधुमेहाचा धोका जास्त. रक्ताचा थेंबही न काढता हे कळते, आणि चिपळूणचा १०९ व दोन्ही एचबीएवनसी त्याला दुजोरा देतात.

रक्तदाबाकडे तुम्ही प्रश्नात एका ओळीत पाहिले आहे, पण हृदयविकार आणि पक्षाघाताच्या दृष्टीने तुमच्या रिपोर्टांतील सर्वांत वजनदार आकडा तोच असू शकतो. दहा लाख लोकांच्या एकत्रित अभ्यासात, जो २००२ साली प्रसिद्ध झाला, ४० ते ६९ या वयात वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने वाढला की पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोका दुपटीहून अधिक आणि हृदयविकाराने येण्याचा सुमारे दुप्पट होतो, आणि ही चढण ११५/७५पासूनच सुरू होते, असे दिसले. आणि हाच आकडा सर्वांत निष्काळजीपणे घेतला जातो. शिबिराच्या रांगेतून येऊन स्टुलावर बसल्या बसल्या, हात लोंबकळत, बोलत असताना घेतलेला दाब सहज दहा-पंधरा अंकांनी जास्त येतो. घरी दंडावर बांधायचे यंत्र आणा, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीला ठेवून, पाच मिनिटे गप्प बसा आणि सकाळी दोनदा, रात्री दोनदा असे आठवडाभर मोजा. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी १३५/८५ किंवा अधिक असेल तर उच्च रक्तदाब खरा.

पॅकेजबद्दल. निरोगी माणसात कर्करोगाच्या रक्तचाचण्यांचे गणित कसे बिघडते ते उदाहरणादाखल पाहा. एखादा आजार शंभरात एकाला आहे असे धरू. चाचणी आजारी माणसांतील ९० टक्के पकडते आणि निरोगी माणसांतील ९५ टक्क्यांना बरोबर सोडते, असेही धरू. दहा हजार जणांत शंभर आजारी, त्यांतील ९० पकडले जातील. उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांतील ४९५ जणही ‘पॉझिटिव्ह’ येतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या ५८५ जणांपैकी खरे आजारी ९०, सहातला एकही धड नाही. प्रत्यक्षात बहुतेक कर्करोग शंभरात एकापेक्षा विरळ असतात आणि पॅकेजमधल्या चाचण्या इतक्या चांगल्याही नसतात. अंडाशयाच्या कर्करोगासाठी करतात ते सीए-१२५ पाळीत आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक बाहेर वाढण्याच्या आजारात) वाढते. मग स्कॅन, मग मुंबईच्या खेपा. पैसे खर्च करायचेच असतील तर पत्नीची गर्भाशयमुखाची तपासणी आणि दोघांची तोंडाची तपासणी करून घ्यावी.

हृदयासाठीच्या जादा चाचण्यांत मी एक प्रश्न विचारतो: हा आकडा आजाराचे कारण आहे की नुसता सोबती? एचडीएल कमी असलेल्यांना झटके जास्त येतात हे खरे, पण एचडीएल भरपूर वाढवणारे टॉरसेट्रापिब हे औषध आले तेव्हा मृत्यू घटण्याऐवजी वाढले आणि २००६ साली ती चाचणी थांबवावी लागली. म्हणून तुमच्या ३८ किंवा ४०च्या एचडीएलवर औषध शोधू नका. एलडीएलचे तसे नाही. पीसीएसके९ या जनुकातील बदलामुळे जन्मापासूनच एलडीएल २८ टक्क्यांनी कमी असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांत हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. १९९४च्या स्कँडिनेव्हियातील स्टॅटिनच्या चाचणीत औषधाने एलडीएल उतरवल्यावर मृत्यूही कमी झालेले होते. निसर्गाने केलेला प्रयोग आणि माणसाने केलेला प्रयोग एकाच दिशेने बोलतात, तेव्हा मी त्या आकड्याला कारण म्हणतो. याच कसोटीवर उतरणारी आणि पॅकेजात क्वचितच असणारी चाचणी म्हणजे लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारख्याच एका कोलेस्टेरॉलवाहू कणाची. ती मुख्यतः आनुवंशिक असते, आयुष्यात एकदा केली की पुरे, आणि वडिलांचा इतिहास पाहता तुम्ही ती करून घ्यावी. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आली तर तुमचा धोका कोणत्याही कॅल्क्युलेटरपेक्षा वरचा धरावा आणि एलडीएलसाठी स्टॅटिन घ्यायचे का, हा निर्णय फिजिशियनबरोबर बसून लवकर करावा.

तेव्हा क्रम असा ठेवा. आठवडाभर घरचा रक्तदाब. पत्नीच्या रक्तक्षयाचा शोध आणि लोह. नंतर दोघांचीही ग्लुकोज पाजून केलेली साखरेची चाचणी, तीही जिथे रक्त घेतात तिथेच सेंट्रिफ्यूज आहे अशा लॅबमध्ये प्रत्यक्ष जाऊन. पुढची प्रत्येक तपासणी त्याच लॅबमध्ये करा; ‘एनएबीएल’ची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का आणि बाहेरच्या गुणवत्ता चाचणीत, उदाहरणार्थ वेल्लोरच्या सीएमसी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ती भाग घेते का, हे विचारायला संकोच करू नका. पाजायचे ग्लुकोज मोनोहायड्रेट असेल तर ७५ ग्रॅमऐवजी ८२.५ ग्रॅम लागते, हे टेक्निशियनला माहीत असावे. चाचणीपूर्वीचे तीन दिवस भात-भाकरी नेहमीइतकीच खा, कारण रिपोर्ट चांगला यावा म्हणून आदल्या दिवसांत भात सोडला तर दोन तासांची साखर उलट खोटी वाढलेली येते. आणि ग्लुकोज प्यायल्यानंतरचे दोन तास लॅबमध्येच बसून राहा, बाजारात फेरी मारून येऊ नका.